ब्रिटिश धावपटू आणि लांब पल्ल्याच्या शर्यती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन मॅरेथॉनच्या लॉटरीचे ईमेल यायला लागले की पुण्या-मुंबईच्या रनिंग ग्रुपांवर ब्रिटनबद्दलचे प्रश्न सुरू होतात. बॅनिस्टर एवढा मोठा का, को आणि ओव्हेट या धावपटूंमध्ये काय चुरस होती, मॅरेथॉनला ते वरचे १९५ मीटर कशाला. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं एक ठाम मत आहे आणि ते उत्तरांमध्ये जागोजागी दिसेल: तिथले धावपटू घडवले ते गावोगावच्या क्लबांनी आणि बिनपगारी कोचांनी. वरच्या संस्थांनी बरेचदा नुसती वाट अडवली.

ब्रिटनमध्ये शर्यतींचं वेड आलं कुठून?

पैजांमधून. १८०९ साली कॅप्टन बार्कली या स्कॉटिश गृहस्थाने न्यूमार्केटला हजार तासांत हजार मैल चालून दाखवले. दर तासाला एक मैल, दिवसा आणि रात्रीही, जवळजवळ सहा आठवडे. पैज हजार गिनींची होती. पुढे पबचे मालक आवारातच धावपट्टी आखायचे, तिकीट लावायचे आणि प्रेक्षक धावणाऱ्यांवर पैसे लावायचे.

दुसरा झरा शाळा-कॉलेजांचा. एकाने कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचं आणि बाकीच्यांनी त्या मागावर रानोमाळ धावायचं, हा तिथल्या शाळांमधला खेळ. त्यातूनच क्रॉसकंट्री आली. १८६८ मध्ये थेम्स नदीवर नाव वल्हवणाऱ्या काही जणांनी हिवाळ्यात अंग तयार राहावं म्हणून ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब काढला. तो आजही चालू आहे.

‘हौशी’ खेळाडूंच्या नियमावरून एवढा वाद का होता?

कारण त्या नियमाने माणसं बाहेर ठेवली. १८६०च्या दशकातल्या जुन्या व्याख्येत मजूर आणि कारागीर हौशी धरलेच जात नसत. हाताने काम करणारा माणूस धावायला उतरला तर साहेबलोकांना ते चालत नव्हतं. १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात अमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि तिने ही अट काढून टाकली. ते तिचं मोठं काम. पण पैशाचा नियम तिने इतका ताणला की चांगल्या चांगल्या धावपटूंचा बळी गेला. ससेक्सच्या आल्फ श्रबने १९०४ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर एकाच शर्यतीत विक्रमांची रास लावली, आणि पुढच्याच वर्षी पैसे घेतल्याच्या कारणावरून त्याला हौशी शर्यतींतून बाद केलं.

मला सगळ्यात लागते ती जॉन टॅरंटची गोष्ट. पोरवयात त्याने बॉक्सिंगच्या काही लढतींतून एकूण १७ पौंड मिळवले होते. नंतर धावण्याच्या क्लबात नाव घालताना त्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्याच्यावर बंदी आली. मग टॅरंट शर्यतीच्या सुरुवातीला अंगात लांब कोट घालून गर्दीत उभा राहायचा. बंदूक वाजली की कोट फेकायचा आणि बिननंबराचा धावायला लागायचा. अधिकारी त्याला पकडायला बघायचे, प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, वर्तमानपत्रांनी त्याला ‘घोस्ट रनर’ नाव दिलं. १९५८ मध्ये देशांतर्गत शर्यतींची बंदी उठली, पण ब्रिटनच्या जर्सीत धावायची परवानगी त्याला कधीच मिळाली नाही. ४० मैल आणि १०० मैलांचे जागतिक विक्रम करूनही नाही. १९७५ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी तो कॅन्सरने गेला. सतरा पौंडांसाठी एका माणसाचं अख्खं आयुष्य दाराबाहेर काढायला लावणं, याचं समर्थन मला आजवर कुठे सापडलेलं नाही.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरचीच का?

१९०८च्या लंडन ऑलिम्पिकमुळे. विंडसर राजवाड्याच्या आवारातून सुरुवात आणि व्हाइट सिटी स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर शेवट, असा मार्ग आखला तेव्हा अंतर २६ मैल ३८५ यार्ड भरलं. नंतरच्या दोन ऑलिम्पिकमध्ये ते पुन्हा बदललं. १९२१ मध्ये लंडनचं अंतर कायम ठरवलं गेलं. १९०८च्या त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, चुकीच्या दिशेने वळला, पुन्हा पुन्हा कोसळला आणि अधिकाऱ्यांनी आधार दिल्यामुळे बाद ठरला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी पिएत्रीला स्वतःकडून चषक दिला.

बॅनिस्टरच्या चार मिनिटांच्या मैलाचं एवढं कौतुक का?

आकडा गोल होता म्हणून, आणि तो नऊ वर्षं अगदी हाताशी येऊन हुलकावणी देत होता म्हणून. स्वीडनच्या गुंडर हेगने १९४५ मध्ये मैल ४ मिनिटं १ सेकंदाच्या आसपास आणून ठेवला होता. त्यानंतर घड्याळ हललंच नाही.

रॉजर बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये डॉक्टरकी शिकत होता. सराव जेवणाच्या सुट्टीत. मित्र ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे यांच्याबरोबर तो ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या मारायचा, मधे दोन मिनिटांची विश्रांती. वेळ हळूहळू ६१ सेकंदांवर आली आणि तिथेच अडली. तेव्हा पळणं सोडून तो आणि ब्रॅशर थेट स्कॉटलंडच्या डोंगरांत गिर्यारोहणाला गेले. परत आल्यावर ५९ सेकंद लागले. सरावाने शरीर आंबलं की आणखी सराव करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा.

६ मे १९५४. सकाळी त्याने हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत दगडावर आपल्या स्पाइक्सना धार लावली आणि सिंडरच्या ट्रॅकची राख चिकटू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइट चोळलं. मग पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डची गाडी पकडली. इफ्ली रोडच्या मैदानावर वारा इतका होता की प्रयत्न करायचा की नाही हेच ठरत नव्हतं. जवळच्या चर्चवरचा झेंडा जरा खाली पडलेला दिसला तेव्हा त्याने हो म्हटलं. पहिला अर्धा मैल ब्रॅशर पुढे, मग चॅटवे, आणि शेवटच्या फेरीच्या मध्यावर बॅनिस्टर सुटला. नॉरिस मॅकव्हर्टरने माइकवरून वेळ सांगायला सुरुवात केली. ‘तीन’ हा शब्द कानावर पडला आणि पुढचं काही कोणाला ऐकूच आलं नाही. ३ मिनिटं ५९.४ सेकंद.

विक्रम टिकला ४६ दिवस. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीने फिनलंडमध्ये तो मोडला. मात्र ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला दोघं समोरासमोर आले तेव्हा लँडीने शेवटच्या वळणावर डावीकडे मान वळवून पाहिलं आणि बॅनिस्टर उजवीकडून पुढे निघून गेला. माझ्या मते इफ्ली रोडपेक्षा ही शर्यत मोठी. त्याच वर्षी बॅनिस्टरने धावणं थांबवलं आणि पुढे मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं.

त्याच काळात बायका काय करत होत्या?

धावत होत्या, पण नोंद घेतली जात नव्हती. बॅनिस्टरनंतर तेवीस दिवसांनी, २९ मे १९५४ रोजी, बर्मिंगहॅमच्या बर्चफील्ड हॅरियर्स क्लबच्या डायान लेदरने ४ मिनिटं ५९.६ सेकंदांत मैल पुरा केला. पाच मिनिटांच्या आत मैल धावणारी जगातली पहिली स्त्री. पण जागतिक संघटना बायकांचा मैल विक्रमात धरायलाच तयार नव्हती, ती मान्यता १९६७ मध्ये आली. ऑलिम्पिकमध्ये तर १९२८ नंतर बायकांची ८०० मीटर शर्यतच बंद करून टाकली होती, ती १९६० मध्ये परत आली. त्यामुळे लेदरच्या ऐन भरात तिला ऑलिम्पिकमध्ये तिच्या पल्ल्याची शर्यतच नव्हती.

१९६४ मध्ये स्कॉटलंडची डेल ग्रेग आइल ऑफ वाइट मॅरेथॉन धावली तेव्हा आयोजकांनी तिला पुरुषांच्या चार मिनिटं आधी सोडलं आणि मागे एक अ‍ॅम्ब्युलन्स लावून दिली. तिने ३ तास २७ मिनिटं ४५ सेकंदांत शर्यत संपवली. स्त्रीची तोवरची ती सर्वोत्तम वेळ होती. १९८१च्या पहिल्या लंडन मॅरेथॉनमध्ये ४३ वर्षांची जॉइस स्मिथ २ तास २९ मिनिटं ५७ सेकंदांत जिंकली. आणि २००३ मध्ये त्याच रस्त्यांवर पॉला रॅडक्लिफ २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत आली. हा विक्रम सोळा वर्षं कोणालाही मोडता आला नाही. पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये रॅडक्लिफ रस्त्याच्या कडेला बसून रडली, आणि त्यानंतरच्या आठवड्याभरात सैन्यात नोकरी करून आलेली, दुखापतींनी पिचलेली ३४ वर्षांची केली होम्स ८०० आणि १५०० मीटरची दोन्ही सुवर्णपदकं घेऊन गेली.

को आणि ओव्हेट यांच्यात श्रेष्ठ कोण?

या प्रश्नावर तिथे अजून भांडणं होतात. सेबॅस्टियन को शेफील्डमध्ये वाढलेला. वडील पीटर को इंजिनिअर आणि तेच त्याचे कोच. स्टीव्ह ओव्हेट ब्रायटनचा, बाजारात गाळा असलेल्या घरातला. गंमत अशी की १९८० पूर्वी दोघं समोरासमोर आले फक्त दोनदा आणि दोन्ही वेळा तिसराच कोणी जिंकला. पहिल्यांदा १९७२च्या शालेय क्रॉसकंट्रीत, नंतर १९७८ मध्ये प्रागच्या युरोपियन स्पर्धेत.

मॉस्को ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर कोची हक्काची मानली जात होती, ती ओव्हेटने जिंकली. १५०० मीटर आणि मैलात ओव्हेट सलग ४५ शर्यती हरला नव्हता. ती शर्यत कोने जिंकली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, मैलाचा जागतिक विक्रम दहा दिवसांत तीनदा बदलला: झुरिकला को, कोब्लेंझला ओव्हेट, ब्रसेल्सला परत को, ३ मिनिटं ४७.३३ सेकंद. यातला एकही विक्रम दोघं एकत्र धावताना झालेला नाही.

आकडे कोच्या बाजूने आहेत. त्याचा ८०० मीटरचा १ मिनिट ४१.७३ सेकंदांचा विक्रम १९८१ ते १९९७ टिकला, आणि १५०० मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण सलग दोनदा जिंकलेला पुरुष आजही तो एकटाच. पण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये समोरच्याला हात हलवून निघून जाणारा ओव्हेट बघायला मला जास्त आवडतो.

आणि स्टीव्ह क्रॅमला विसरू नका. ईशान्य इंग्लंडच्या जॅरो भागातल्या या पोराने १९८५ मध्ये १९ दिवसांत १५०० मीटर, मैल आणि २००० मीटर असे तीन जागतिक विक्रम केले. त्याचा मैलाचा ब्रिटिश विक्रम २०२४ पर्यंत उभा होता.

एवढ्या लहान देशात एकाच वेळी इतके चांगले धावपटू कसे?

क्लबमुळे. जवळजवळ प्रत्येक गावाला एक हॅरियर्स क्लब, म्हणजे धावणाऱ्यांचा क्लब, दोन संध्याकाळी ट्रॅकवर सराव, रविवारी लांब पल्ला, आणि हिवाळाभर क्रॉसकंट्री. शिकवणारा माणूस दिवसा कारखान्यात किंवा शाळेत नोकरी करणारा, संध्याकाळी हातात घड्याळ घेऊन पावसात उभा. दहा वर्षांचं पोर आणि साठीचे आजोबा एकाच जर्सीत.

क्रॉसकंट्री हा त्याचा गाभा आहे. उत्तर लंडनच्या पार्लमेंट हिलवर राष्ट्रीय स्पर्धा होते तेव्हा हजारावर धावपटू एका ओळीत उभे राहतात आणि बंदूक वाजताच समोरच्या चढणीवर तुटून पडतात. चिखल घोट्याच्या वर, कोणाचा बूट चिखलातच राहतो, तो तसाच एका पायाने पुढे धावतो. तिथे घड्याळाला अर्थ नसतो, फक्त नंबराला असतो. क्लबचा सहावा माणूस किती जणांना मागे टाकतो यावर संघाचं पदक ठरतं. त्यामुळे सातशेव्या नंबरावरचाही जीव तोडून पळतो.

मग मधे उतरती कळा का लागली?

एकच आकडा बघा. वेल्सचा स्टीव्ह जोन्स हवाई दलात कॉर्पोरल होता, विमानांची देखभाल करायचा. १९८४ मध्ये शिकागोला त्याने २ तास ८ मिनिटं ५ सेकंदांत मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला, हातात घड्याळसुद्धा नव्हतं. पुढच्या वर्षी तिथेच २:०७:१३. हा ब्रिटिश विक्रम मोडायला २०१८ उजाडलं. तेहतीस वर्षं! पूर्व आफ्रिकेचे धावपटू पुढे गेले हे खरंच, पण ब्रिटन स्वतःच्याच मागे पडला. नोकरी सांभाळून आठवड्याला शंभर मैल पळणाऱ्या क्लब धावपटूंची फळी विरळ झाली, आणि मोठ्या शर्यती जोमाने वाढल्या तरी त्यात येणारे बहुतेक जण फक्त शर्यत पूर्ण करायला येत होते. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून जोन्स निघत नाहीत.

मो फराहचं खरं नाव दुसरं आहे हे खरं का?

खरं आहे आणि त्याने ते २०२२ मध्ये स्वतः सांगितलं. जन्मनाव हुसेन आबदी काहिन. लहानपणी दुसऱ्याच मुलाच्या नावावर त्याला ब्रिटनला आणलं गेलं आणि एका घरात कामाला जुंपलं. त्याने हे सांगितलं ते शाळेतल्या पीटीच्या सरांना, अ‍ॅलन वॉटकिन्सन यांना, आणि त्यांनी त्याला तिथून सोडवायला मदत केली. २०१२ आणि २०१६, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदकं त्याची. वॉटकिन्सन सर नसते तर काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

फेल रनिंग म्हणजे काय?

उत्तर इंग्लंडच्या डोंगरांवर, पायवाट असो-नसो, वर चढून खाली धावत येणं. सह्याद्रीत धावणाऱ्यांना हे लगेच कळेल. १९३२ मध्ये केझिक गावात गेस्ट हाउस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहमने २४ तासांत ४२ शिखरं केली. साधारण १०६ किलोमीटर. आजही लोक केझिकच्या मूट हॉलच्या दाराला हात लावून निघतात आणि २४ तासांच्या आत तिथे परत यायचा प्रयत्न करतात. मेंढपाळ जॉस नेलरने १९७५ मध्ये २४ तासांत ७२ शिखरं गाठली होती.

या मातीतलीच जॅस्मिन पॅरिस, पेशाने जनावरांची डॉक्टर. २०१९ मध्ये २६८ मैलांच्या स्पाइन रेसमध्ये ती सगळ्या पुरुषांच्या पुढे, ८३ तास १२ मिनिटांत आली, आणि वाटेतल्या थांब्यांवर घरच्या तान्ह्या मुलीसाठी दूध काढत होती. २०२४ मध्ये अमेरिकेतली बार्कली मॅरेथॉन्स ही डोंगरातली अतिलांब शर्यत पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली. साठ तासांची मुदत संपायला ९९ सेकंद उरले होते.

आज कोणाकडे लक्ष ठेवावं?

किली हॉजकिन्सन. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण, आणि त्याआधी लंडनमध्ये १ मिनिट ५४.६१ सेकंद. एडिनबराच्या एकाच क्लबात वाढलेले जेक वाइटमन आणि जॉश कर १५०० मीटरचे विश्वविजेते झाले, एक २०२२ मध्ये, दुसरा २०२३ मध्ये. वाइटमन जिंकला तेव्हा स्टेडियममध्ये माइकवर निवेदन करत होते त्याचे वडील! कोच आणि घरचे लोक, गोष्ट परत तिथेच येते. जॉर्जिया हंटर बेल मधे खेळ सोडून नोकरी करत होती. परत येऊन पॅरिसला १५०० मीटरचं कांस्य घेऊन गेली.

या सगळ्याशी आपला काही संबंध?

आहे. १९५८ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला मिल्खा सिंग यांनी ४४० यार्डांचं राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं. आणि ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर स्टेडियमवर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेसला उतरला. १९९८ ते २०१८ या सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला. सुवर्ण जिंकणारा अब्राहम किबिवोत ८:११.१५. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. हे स्टेडियम बर्चफील्ड हॅरियर्सचं घर आहे, म्हणजे डायान लेदरच्याच क्लबचं. अडथळ्यांची ही शर्यतही मूळ ब्रिटिशांचीच. लंडन मॅरेथॉन सुरू करणारा ब्रॅशर १९५६ मध्ये मेलबर्नला यातच सुवर्ण जिंकला होता, आधी बाद ठरवला जाऊन आणि मग अपिलात जिंकून.

भारतातून लंडन मॅरेथॉनला प्रवेश कसा मिळतो?

तीन वाटा: लॉटरी, चॅरिटीसाठी निधी जमवणं, किंवा अधिकृत टूर कंपनीचं पॅकेज. वयोगटातल्या वेळेवर मिळणाऱ्या ‘गुड फॉर एज’ जागा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी असतात. २०२६च्या लॉटरीत ११ लाखांहून जास्त अर्ज आले होते, तेव्हा नुसत्या नशिबावर विसंबू नका.

मार्गाबद्दल एकच सांगतो. ग्रिनिचकडून सुटल्यावर पहिल्या पाच किलोमीटरमध्ये चांगला उतार आहे, हवा थंड, गर्दीचा जल्लोष. मुंबईच्या दमट हवेत सराव केलेल्याला पाय आपोआप उचलल्यासारखे वाटतात. तिथे आवरा. टॉवर ब्रिज वीस किलोमीटरच्या आसपास येतो आणि खरी शर्यत त्यानंतर, कॅनरी व्हार्फच्या वळणांवर आहे. सुरुवातीला थांबताना अंगावर एखादा जुना स्वेटर असू द्या, टाकून देता येईल असा.

मॅरेथॉन नको, तिथे नुसतं लोकांबरोबर धावायचं असेल तर?

शनिवारी सकाळी नऊला पार्करनला जा. ५ किलोमीटर, फुकट. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ धावपटूंना घेऊन हे सुरू केलं, तेव्हा नंबरासाठी हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले होते. आज देशभर शेकडो बागांमध्ये हे चालतं आणि सगळं काम स्वयंसेवक करतात. आधी वेबसाइटवर एकदाच नाव नोंदवा आणि बारकोड बरोबर ठेवा. बारकोड विसरलात तरी धावू देतात, फक्त तुमची वेळ नोंदली जात नाही.